सांगली-मिरजेतलं घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’: ७५ आकडे आले, बीपी कुठे आहे?

सांगली, मिरज, कुपवाडला सकाळी सहा-साडेसहाला दुचाकीवर खोका बांधून येणारा लॅबचा मुलगा आता सगळ्यांच्या ओळखीचा झाला आहे. फोनवर बुकिंग, घरी रक्त, आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर रिपोर्ट. हजार-दीड हजाराच्या आसपास साठ, सत्तर, नव्वद ‘चाचण्या’. लॅब बदलली तरी पॅकेजमधला ऐवज जवळपास तोच असतो. म्हणून हे परीक्षण कुठल्याही एका लॅबचं नाही, या प्रकारच्या सेवेचं आहे. कसोटी एकच: हा रिपोर्ट फॅमिली डॉक्टरच्या टेबलावर आल्यावर आजार ओळखायला आणि सांभाळायला किती उपयोगी पडतो?

निकाल आधीच सांगतो. रक्त नेण्याची सोय उत्तम आहे, पण पॅकेजमधल्या चाचण्यांची निवड कच्ची आहे. कुठल्याही दवाखान्यात रोज दिसणारा आणि काहीही त्रास जाणवू न देता मेंदू, हृदय, किडनी पोखरणारा उच्च रक्तदाब या पॅकेजमध्ये सापडूच शकत नाही. तो रक्ताच्या बाटलीत दिसत नाही, त्यासाठी दंडाला पट्टा बांधावा लागतो. पॅकेज केलेला माणूस मात्र ‘सगळं तपासून झालं’ म्हणून वर्षभर निश्चिंत राहतो. या सेवेवर माझा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे.

आधी ‘७५ चाचण्या’ हा आकडा बघू. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) ही एकच तपासणी, पण तिच्यात वीस-चोवीस आकडे असतात. लघवीच्या साध्या तपासणीत पंधरा-वीस, लिव्हरच्या तपासणीत दहा-बारा, लिपिड प्रोफाइलमध्ये आठ-नऊ, किडनीत पाच-सहा, थायरॉइडमध्ये तीन. म्हणजे प्रत्यक्षात आठ-दहा तपासण्या. त्यातलेही बरेच आकडे मशीन मोजत नाही, ते गणिताने काढलेले असतात. व्हीएलडीएल हे कोलेस्टेरॉल म्हणजे ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) भागिले पाच. ग्लोब्युलिन म्हणजे एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा. ‘सरासरी शुगर’ एचबीएवनसी या मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेच्या तपासणीवरूनच काढतात. यात फसवणूक नाही, पण ९० चाचण्यांचं पॅकेज ६० वाल्यापेक्षा दीडपट चांगलं असं समजून जादा पैसे देऊ नका. यादी मागवा आणि आकडे सोडून तपासण्या मोजा.

रक्त काढण्यापासून मशीनपर्यंत

घरपोच सेवेत खरी परीक्षा इथे होते, आणि गिऱ्हाईक नेमकं इकडेच बघत नाही. शुगरसाठीचं रक्त राखाडी झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये (नळीत) गेलं पाहिजे. साध्या बल्बमध्ये ते तसंच राहिलं तर रक्तपेशी साखर खात राहतात आणि सामान्य तापमानाला शुगर तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. विश्रामबागला पहिलं रक्त घेऊन, आणखी पाच-सहा घरं करून मुलगा लॅबला पोचेपर्यंत दोन तास सहज जातात. खरी १३२ असलेली शुगर तोवर ११५-१२० च्या घरात येते. म्हणजे मधुमेह असलेला माणूस रिपोर्टवर ‘काठावर’ दिसतो. सांगलीच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे जास्त घडतं. खोक्यात बर्फाच्या पिशव्या आहेत का आणि शुगरचा बल्ब वेगळा घेतला का, एवढं विचारा. विचारल्याचं चांगल्या लॅबच्या मुलाला वाईट वाटत नाही.

दुसरी चूक पोटॅशियमची. दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, मूठ उघडझाप करायला लावली किंवा सुईतून जोरात रक्त ओढलं की पेशी फुटतात किंवा स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं, आणि आकडा खोटाच वाढून येतो. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाचं पोटॅशियम ५.८ आलं आणि शेजारी ‘हिमोलाइझ्ड’ (पेशी फुटलेल्या) अशी नोंद असेल, तर त्याच दिवशी नमुना पुन्हा द्यायचा. रिपोर्ट बघून मनानेच बीपीची गोळी बंद करायची नाही.

उपाशी राहण्याबद्दलही बुकिंगवाले अर्धवट सांगतात. ८ ते १२ तास पुरेत, सोळा-सतरा तास नकोत. पाणी चालतं, किंबहुना प्यावंच. नस पटकन सापडते आणि कोरड्या शरीराने युरिया वाढत नाही. चहा नको. आदल्या रात्री मटणाचा बेत असेल तर क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वर जाऊ शकतात, तेव्हा तपासणीचा दिवसच बदला. आदल्या दिवशी जिममध्ये किंवा शेतात अंग मोडेपर्यंत काम झालं असेल तर स्नायूंमधून एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) वाढतं आणि बिचाऱ्या लिव्हरवर आळ येतो. ताप असताना तर पूर्ण चेकअप करूच नये. थायरॉइड, फेरिटिन (लोहाचा साठा), कोलेस्टेरॉल सगळेच आकडे हलतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी निदान दोन दिवस आधी त्या थांबवाव्यात. काही मशीनवर बायोटिनमुळे थायरॉइडचा टीएसएच हा आकडा खोटा कमी येतो. थायरॉइडची रोजची गोळी त्या दिवशी रक्त दिल्यानंतर घ्यायची.

जे आकडे खरंच कामाचे आहेत

शुगर आणि एचबीएवनसी हा या पॅकेजचा सर्वांत मोलाचा भाग. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, म्हणजे मधुमेह. पण खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणं अशी लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारायचा नाही. दोन्ही एकाच वेळी वर असतील तर निदान पक्कं, एकच वर असेल तर तोच पुन्हा करायचा. १०० ते १२५ शुगर किंवा ५.७ ते ६.४ एचबीएवनसी ही पूर्वावस्था. इथे बहुतेकांना गोळीच्या आधी आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं आणि ५ ते ७ टक्के वजन कमी करणं हाच उपचार लागू पडतो. ८० किलोच्या माणसासाठी म्हणजे चार ते साडेपाच किलो, अशक्य असं काही नाही.

एक खाचखळगा बायकांच्या रिपोर्टमध्ये नेहमी असतो. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा वाढतो. हिमोग्लोबिन ९ आणि एचबीएवनसी ६.६, पण उपाशीपोटी शुगर ९४, असा रिपोर्ट आला तर लगेच मधुमेहाची गोळी नको. आधी लोह भरून काढा, आणि शंका राहिलीच तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांची शुगर बघा; ती २०० किंवा जास्त असेल तर मधुमेह. उलट नुकतंच रक्त चढवलेलं असेल किंवा रक्तपेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर एचबीएवनसी खोटा कमी येतो.

सीबीसीत लोक हिमोग्लोबिन तेवढं बघतात. गरोदर नसलेल्या बाईचं १२ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली म्हणजे रक्त कमी. पण कशामुळे, याचा सुगावा त्याच पानावर असतो. एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) वाढलेला असेल तर बहुधा लोहाची कमतरता. एमसीव्ही बराच कमी, पण लाल पेशींची संख्या चांगली ५.५-६ च्या पुढे, तर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाचा विचार करायचा. त्यासाठी एक झटपट हिशोब आहे: एमसीव्हीला लाल पेशींच्या आकड्याने भागा. उत्तर १३ च्या खाली आलं तर हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या तपासण्या) करून घ्या, विशेषतः घरात लग्न ठरत असेल किंवा पाळणा हलणार असेल तर. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग होत नाही.

लोहाची कमतरता पक्की झाली की गोळी दिवसाला एकदा, जमल्यास उपाशीपोटी. पोटाला झेपत नसेल तर दिवसाआड. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. हिमोग्लोबिन वर आल्यावरही निदान तीन महिने चालू ठेवायची, कारण शरीरातला साठा तेव्हा कुठे भरतो. बहुतेक जण नेमके इथेच सोडतात आणि वर्षभरात पुन्हा फिकट होऊन येतात. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोह कमी निघालं तर नुसती गोळी लिहून सोडून देऊ नये. पोटातून, आतड्यातून रक्त जात नाही ना, हे शोधावंच लागतं. मूळव्याध असेल असं घरीच ठरवून टाकण्यात पोटाचा, आतड्याचा कॅन्सर उशिरा सापडतो.

प्लेटलेट एकदम ४०-५० हजार आणि माणूस ठणठणीत, असं दिसलं तर घाबरू नका. ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या बल्बमध्ये कधी कधी प्लेटलेटच्या गुठळ्या होतात आणि मशीन कमी मोजतं. काचेवर स्लाइड बघून पॅथॉलॉजिस्टने खात्री केली पाहिजे. रिपोर्टवर एमडी पॅथॉलॉजिस्टची सही आहे का, हे म्हणूनच महत्त्वाचं.

जिथे पॅकेज गोंधळ वाढवतं

टीएसएच ६.२ आला की घरात ‘थायरॉइड झालं’ अशी बातमी पसरते. टी४ हा थायरॉइडचा हार्मोन नॉर्मल असेल आणि टीएसएच १० च्या खाली असेल, तर आधी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं. बऱ्याच जणांचा तो आपोआप खाली येतो. वयाबरोबर टीएसएच थोडा चढतोच, सत्तरीच्या आजीला ६-७ वर गोळी चालू करून छातीत धडधड लावून घेण्यात अर्थ नाही. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या बाईचा हिशोब वेगळा, तिथे थांबायचं नाही. गोळीचा डोस बदलला तर पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. त्याआधी केलेला टीएसएच दिशाभूल करतो.

व्हिटॅमिन डी जवळपास प्रत्येकाचं कमी येतं, आणि मग ६०,००० युनिटचं पाकीट हातात पडतं. ते आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, असं असतं. रोज एक घेणारे किंवा आठवड्याचं वर्षभर चालू ठेवणारे लोक आहेत. त्यातून कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी होते आणि किडनीही बिघडू शकते. धडधाकट माणसाने डी तपासण्याची गरजच नाही. हाडं दुखणं, वरचेवर फ्रॅक्चर, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा फिटच्या गोळ्या असतील तर तपासा. बी१२ चं मात्र समर्थन करतो. शुद्ध शाकाहारी, कित्येक वर्षं मेटफॉर्मिन घेणारे, रोज ॲसिडिटीची गोळी खाणारे, यांना पायात मुंग्या येत असतील तर बी१२ बघायलाच हवं. एक लक्षात ठेवा: बी१२ आणि लोह दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही नॉर्मल दिसू शकतो.

युरिक ॲसिड ७.५ आणि पायाचा अंगठा कधी सुजलेला नाही, मुतखडाही नाही, तर गोळी लागत नाही. बिलिरुबिन १.८, त्यातलं बहुतेक इनडायरेक्ट, बाकी लिव्हर नॉर्मल, तर ते बहुधा गिल्बर्ट सिंड्रोम. उपाशी राहिल्यावर ते वाढतं, निरुपद्रवी आहे, त्यासाठी काविळीचं झाडपाल्याचं औषध घेऊ नका. लिव्हरचा एसजीपीटी हा आकडा ६०-७० आणि पोट सुटलेलं असेल तर बहुतेक वेळा फॅटी लिव्हर. वजन ७ ते १० टक्के उतरलं की आकडा उतरतो.

‘प्रीमियम’ पॅकेजमधल्या कॅन्सर मार्करवर मात्र एक रुपयाही घालू नका. सीए-१२५ पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, एंडोमेट्रिओसिसमध्येही वाढतं. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढलेलं दिसतं. कॅन्सर नसलेल्याला झोप उडवणारा आकडा आणि कॅन्सर असलेल्याला नॉर्मल आकडा, दोन्ही घडतं. हे मार्कर कॅन्सरचं निदान झाल्यावर उपचाराचा परिणाम मोजायला आहेत. संधिवाताच्या आरए फॅक्टरचंही तसंच, सांधे सुजलेले नसताना तो करू नये.

लाल अक्षरांबद्दल. नॉर्मल रेंज म्हणजे निरोगी लोकांपैकी ९५ टक्के ज्यात बसतात ती पट्टी. म्हणजे एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या पूर्ण निरोगी माणसाच्या केल्या, तर किमान एक लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. लॅबचं ॲप हे सांगत नाही. ते लाल बाण दाखवतं, आणि पाठोपाठ ‘मोफत डॉक्टर सल्ल्या’चा पाच मिनिटांचा फोन येतो. तोवर मिरजेला जायची तयारी सुरू. १८९४ पासून मिशन हॉस्पिटल असलेल्या या गावात तज्ज्ञ डॉक्टरांची वाण नाही, आणि म्हणूनच एकेका लाल आकड्यासाठी एकेक तज्ज्ञ गाठला जातो. पोट, वजन, तंबाखू, घरातले आजार, चालू गोळ्या, हे सगळं एकत्र बघणारा माणूस मधल्या मध्ये गळतो. रिपोर्ट पहिल्यांदा आपल्या फॅमिली डॉक्टरकडे न्या, मागचे रिपोर्टही सोबत घेऊन. क्रिएटिनिन १.२ आहे एवढ्यावरून काही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी ०.८ होतं, हे कळलं की चित्र बदलतं.

पॅकेजमध्ये नसलेलं, पण सगळ्यात आधी हवं असलेलं

बीपी मोजताना पाच मिनिटं शांत बसणं, पाठीला टेकण, पाय जमिनीवर सपाट, दंड छातीच्या पातळीत टेकवलेला. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. लघवी करून बसायचं. बोलायचं नाही. दोनदा मोजायचं, मध्ये एक मिनिट. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तर बीपी खोटं जास्त येतं. घरच्या मशीनसोबतचा नेहमीचा पट्टा साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर दंडासाठी असतो, तेव्हा टेपने दंड मोजून मशीन घ्या. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा जास्त म्हणजे उच्च रक्तदाब. घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा मोजा, पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्यांची सरासरी १३५/८५ किंवा जास्त असेल तर तोच अर्थ. मनगटाचं मशीन नको. भडंग, लोणचं, पापड यांतलं मीठ लोक मोजतच नाहीत. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचाभर.

शुगर किंवा बीपी असणाऱ्याने वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर करायलाच हवं. पॅकेजमधली लघवीची पट्टी किडनीची सुरुवातीची गळती पकडत नाही. ३० च्या वर आलं आणि तीन महिन्यांनंतरही तसंच राहिलं, तर क्रिएटिनिन नॉर्मल असूनही किडनीचा आजार सुरू झालेला असतो, आणि याच टप्प्यावर औषधांनी तो सर्वांत जास्त लांबवता येतो. मधुमेह्याच्या पायाची संवेदना बघणारी दहा ग्रॅमच्या तंतूची तपासणी आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, वर्षातून एकदा, याही रक्ताच्या बल्बात बसत नाहीत.

तंबाखू, मावा, मिश्री लावणाऱ्यांचं तोंड उजेडात उघडून बघणं हीसुद्धा एक तपासणीच. पांढरा-लाल चट्टा, तोंड कमी उघडणं, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की थांबायचं नाही. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी, शुगर आणि तोंडाच्या कॅन्सरची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी सरकारी आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत करण्याचा कार्यक्रम आहे. विकत घेतलेल्या पॅकेजपेक्षा ही यादी शहाणपणाची आहे. कंबर मोजणंही त्यातच येतं: पुरुषाची ९० सेंटिमीटर, बाईची ८० च्या पुढे गेली की धोका.

इथल्या कामाधंद्याचे प्रश्न तर पॅकेजला माहीतच नाहीत. तासगाव-पलूसकडे द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याला डोकेदुखी, घाम, तोंडाला पाणी सुटणं होत असेल तर कीटकनाशकाचा परिणाम दाखवणारं रक्तातलं कोलिनएस्टरेज बघावं लागतं. हळदीच्या पॉलिशच्या धुळीत काम करणाऱ्याच्या खोकल्याला स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी) लागते. दोन आठवड्यांवरचा खोकला असेल तर सर्वांत आधी सरकारी केंद्रात थुंकीची मोफत टीबी तपासणी.

लॅबवाले ‘ताप पॅकेज’ही विकतात. त्यातल्या विडाल या रक्ताच्या टेस्टवर टायफॉइड ठरवू नका. एकदाच केलेली विडाल बरेचदा खोटी पॉझिटिव्ह येते. पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिक सुरू होण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) हीच खरी तपासणी. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस१, त्यानंतर आयजीएम.

मग मागवायचं काय? लक्षणं नसलेल्या पस्तिशी-चाळिशीच्या माणसाला उपाशीपोटी शुगर किंवा एचबीएवनसी, लिपिड, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि सीबीसी पुरे. जवळच्या नात्यात पुरुषाला ५५ च्या आत किंवा बाईला ६५ च्या आत हार्ट अटॅक आला असेल तर आयुष्यात एकदा लायपोप्रोटीन-ए (हृदयाचा आनुवंशिक धोका दाखवणारी चरबी). सगळं नॉर्मल आलं तर हेच दरवर्षी करायची गरज नाही, लिपिड चार-पाच वर्षांनी चालतं. सुट्या तपासण्यांची बेरीज पॅकेजपेक्षा महाग पडते असं कधी कधी दिसेल. तेव्हा पॅकेज खुशाल घ्या, पण डी, मार्कर, आरए फॅक्टर नसलेलं सगळ्यात छोटं.

अंथरुणाला खिळलेले आजोबा, पॅरालिसिस झालेली आई, रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस जुळवण्यासाठी वरचेवर आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) करावा लागणारा हृदयाच्या झडपेचा रुग्ण, यांच्यासाठी घरपोच सेवा पूर्ण किमतीला उतरते. रिक्षा, जिना, रांग सगळं वाचतं. त्यांच्यासाठी बुकिंग करताना पॅकेजचं नाव सांगू नका, डॉक्टरने लिहिलेल्या तपासण्यांची चिठ्ठी फोटो काढून पाठवा आणि सकाळचा पहिला नंबर मागा.